अंगावर धावलेलं कुत्रं आणि हातातली काठी

नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नसतात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. उरलेल्या तालुक्यात मात्र राखणीची भिस्त कुत्र्यावर असते. माणसं गावठाण सोडून उसाच्या कडेला वस्ती करून राहतात, शेजारचं घर दोन-तीन शेतं ओलांडून असतं आणि रात्री गोठ्याजवळ काही हललं तर आधी कळतं ते कुत्र्याला. हे कुत्रं क्वचितच बांधलेलं असतं. त्यामुळे वायरमन असो, आशाताई असो की दूध गोळा करणारा, वस्तीच्या वळणावर त्याच्या मोटारसायकलमागे ते भुंकत धावतं.

त्याला बांधत का नाहीत, हा प्रश्न शहरातून सोपा वाटतो. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. बांधलेल्या कुत्र्याला बिबट्यापुढून पळताही येत नाही. तेव्हा रात्री कुत्रं मोकळं ठेवणाऱ्या शेतकऱ्याला बेफिकीर ठरवणं बरोबर नाही. पण दिवसाउजेडी रस्त्यावरून जाणाऱ्याच्या पिंढरीचं काय, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. अशा वेळी त्या माणसाने काठी उगारावी का, दगड मारावा का, आणि मारला तर कायदा काय म्हणतो?

कायदा त्याला वाऱ्यावर सोडत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १९ सांगतं, की गुन्ह्याचा हेतू नसताना, माणसाला किंवा मालमत्तेला होणारी दुसरी इजा टाळण्यासाठी प्रामाणिकपणे केलेलं कृत्य, त्यातून नुकसान होणार हे माहीत होतं एवढ्याच कारणाने गुन्हा ठरत नाही. अंगावर झेप घेणाऱ्या कुत्र्याला काठीने परतवणाऱ्याला या कलमाचा आधार घेता येतो. आणि मालकाने 'छू' म्हणून कुत्रं मुद्दाम अंगावर सोडलं असेल, तर कलम ११८नुसार प्राण्याकरवी केलेली दुखापत हत्याराने केलेल्या दुखापतीच्याच पंक्तीत बसते. तिथे मालकाच्या विरोधात स्वसंरक्षणाचा हक्क उभा राहतो.

हे संरक्षण धोका असेपर्यंतच असतं. कुत्रं मागे फिरलं, शेपूट घालून बांधावर जाऊन उभं राहिलं, आणि त्यानंतर कुणी पाठलाग करून त्याचा पाय मोडला, तर तो बचाव राहत नाही. दुसऱ्या दिवशी भाकरीत विष कालवून टाकणं तर मुळीच नाही. प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा कायमचं जायबंदी करणं याला कलम ३२५खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला अवघा १० ते ५० रुपये दंड लिहिला आहे. त्यामुळे अनेकांना वाटतं, कुत्र्याला मारलं तर काय होतंय? मोठी शिक्षा न्याय संहितेत आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

मुळात फटका मारायची वेळ बहुतेकदा येतही नाही. दगड उचलायला नुसतं वाकलं तरी कुत्रं चार पावलं मागे सरतं, हे खेड्यातल्या पोरासोरांना माहीत असतं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांवर असेच प्रयोग केले. माणूस मायेने बोलावतो आहे की काठी उगारून धमकावतो आहे, हे कुत्र्यांना नुसत्या हावभावांवरून कळतं आणि ती त्याप्रमाणे वागतात, असं त्यांत दिसलं. म्हणजे उगारलेल्या काठीतच बरंचसं बळ आहे. ती हाणली की मात्र घाबरलेलं जनावर चावायला उठू शकतं, विशेषतः पिलं जवळ असलेली कुत्री. पळणंही घातक असतं, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणं कुत्र्याच्या रक्तातच आहे. थांबावं, पिशवी किंवा दप्तर आपल्या आणि त्याच्यामध्ये धरावं, पाठ न फिरवता हळूहळू मागे यावं. मोटारसायकलवर असाल तर वेग वाढवण्याऐवजी कमी करावा. कुत्र्यापासून पळण्याच्या या धावपळीत पुष्कळदा इजा होते ती चाव्याने नाही, पडल्याने.

चावा झालाच, तर बळाचा सर्वात मोठा गैरवापर त्यानंतर होतो. चार जण जमतात आणि कुत्र्याला ठेचून मारतात. रागाच्या भरात हे घडतं आणि नुकसान होतं ते चावा झालेल्या माणसाचंच. कुत्र्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतील तर ते सहसा दहा दिवसांच्या आत मरतं. चावल्यानंतर दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर चावताना त्याने रेबीज दिला नव्हता असं डॉक्टर खात्रीने सांगू शकतात. मेलेलं कुत्रं ही खात्री देत नाही. म्हणून ओळखीचं कुत्रं मारू नये, त्याच्यावर नजर ठेवावी. त्या दहा दिवसांची वाट पाहत उपचार मात्र थांबवायचे नाहीत. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना भरायचा नाही, त्याच दिवशी लस सुरू करायची, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल डॉक्टरांना विचारायचं. एकदा लक्षणं दिसली की रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

कुत्री मारण्याचं काम सरकारने पैसे देऊन करवलं, तेव्हा काय झालं याचा दाखला मुंबईच्याच इतिहासात आहे. १८३२ साली कंपनी सरकारने बेवारशी कुत्री मारायची मुदत वाढवली आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे ठेवले. बक्षिसाच्या लोभाने शिपाई मालकाची कुत्रीही घरांतून ओढून मारू लागले, अशी तक्रार झाली. ६ जूनला पारशांच्या पवित्र दिवशी किल्ल्यात कुत्री मारणाऱ्या दोन गोऱ्या शिपायांवर जमाव धावून गेला. मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची दृष्टी देहावर पडावी लागते, असं मानणारा हा समाज. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली आणि अखेर लष्कर रस्त्यावर आलं. दोनच वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईचा पांजरापोळ उभारला. मुंबईत कुत्री मारणं मात्र पुढेही दीर्घकाळ चालूच राहिलं. रस्ते काही रिकामे झाले नाहीत.

पाळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत आता न्यायालयं मालकाकडे बोट दाखवू लागली आहेत. मुंबईत २०१०मध्ये नेपियन सी रोडवर एका रॉटवायलरने ज्येष्ठ नागरिकाला चावा घेतला. २०२३मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली. वरळीत २०१८मध्ये लिफ्टमध्ये झालेल्या चाव्याबद्दल २०२५मध्ये आणखी एका मालकाला चार महिने. दोन्ही निकालांना लागलेली वर्षं पाहिली, की साधा माणूस कोर्टाच्या पायरीऐवजी काठीकडे का वळतो ते समजतं. जनावराबाबतच्या निष्काळजीपणाचं कलम, म्हणजे न्याय संहितेचं २९१, नेवाशाच्या वस्तीवरच्या मालकालाही तसंच लागू आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे.

बेवारशी कुत्र्यांची जबाबदारी मात्र स्थानिक संस्थांची. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास मोकाट कुत्री मोजली गेली. २०२३च्या नियमांनुसार त्यांची नसबंदी आणि लसीकरण करायचं आहे. पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रंही लोकांनी मारायचं नसतं, ते पकडून वेगळं ठेवायचं असतं. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं आणि क्रीडासंकुलांच्या आवारातून कुत्री हलवायला सांगितलं, आणि नसबंदीनंतरही पुन्हा तिथेच सोडू नयेत असं बजावलं. म्हणजे नेवाशाच्या एसटी स्टँडवर किंवा शाळेच्या मैदानात टोळी दिसली, तर दगड उचलण्याआधी नगरपंचायतीत लेखी तक्रार देण्याला आता भक्कम आधार आहे.

लसीकरणाचा हा उपाय नुसता कागदावरचा नाही, याचा पुरावा शेजारच्या गोव्यात मिळतो. तिथे सरकार आणि 'मिशन रेबीज'ने दरवर्षी राज्यातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. पथकं दारोदार गेली. मोकाट कुत्री जाळीने धरली आणि घरची कुत्री मालकांनी हाताने धरून दिली. वस्तीवरचं कुत्रं या दुसऱ्या प्रकारातलं आहे. परक्याला ते जवळ येऊ देत नाही, पण मालकाच्या हाकेला येतं. त्याला सुईपुढे धरायला मालक पुरेसा आहे, आणि दिवसा गेटच्या आत ठेवायलाही.