लिग्नम व्हायटी : स्वतःचे वंगण बाळगणारे लाकूड

ग्वायकम वंशातील ग्वायकम ऑफिसिनॅल व ग्वायकम सँक्टम या दोन वृक्षांचे लाकूड व्यापारात लिग्नम व्हायटी या नावाने ओळखले जाते. कॅरिबियन बेटे, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा हे त्यांचे मूलस्थान. वृक्ष लहानखुरा असून फार सावकाश वाढतो. त्याचे निळे फूल जमैकाचे राष्ट्रीय पुष्प आहे. आपल्याकडील सराटा, म्हणजेच गोखरू, याच कुलातला.

बाहेरचे रसकाष्ठ फिकट पिवळे, तर आतले मध्यकाष्ठ हिरवट तपकिरी असते व उजेडात अधिक हिरवे होते. सागवानाचे वजन घनमीटरला साधारण ६५० किलो भरते. याचे १,२०० किलोच्या आसपास. त्यामुळे हे लाकूड पाण्यात बुडते. त्याची बहुतेक वैशिष्ट्ये मध्यकाष्ठात मुरलेल्या राळेमुळे आलेली आहेत. ताजा कापलेला पृष्ठभाग हाताला मेणचट लागतो आणि घासल्यास मंद सुवास येतो.

लाकडाचे तंतू थरागणिक दिशा बदलून एकमेकांत गुंतलेले असल्याने ते सहसा फुटत नाही. मोगरी, कप्पी व बोल्स या मैदानी खेळातील गोळे यांसाठी ते म्हणूनच पसंत केले गेले. मात्र रंधा मारताना उलटे तंतू उचकटतात आणि पात्यांची धार लवकर जाते. राळेमुळे सरसही नीट धरत नाही. जोड देण्यापूर्वी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो. कातकामात मात्र ते उत्तम वळते व त्यावर सुरेख झिलई चढते.

घड्याळजी जॉन हॅरिसन याने अठराव्या शतकात आपल्या लाकडी घड्याळांत त्याचा वापर केला. त्या भागांना तेल लागत नसे. १८५०च्या दशकात आगबोटींच्या पंख्याच्या दांड्याला आधार देणारी धातूची धारवे झपाट्याने झिजत. जॉन पेन यांनी तेथे या लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. लाकडातली राळ आणि भोवतालचे पाणी एवढे वंगण तेथे पुरे झाले. पुढे जलविद्युत टर्बाइनांतही अशी धारवे बसवली गेली.

सोळाव्या शतकात युरोपात उपदंशावर या लाकडाचा काढा देत. तो उपाय टिकला नाही. राळेचा उपयोग मात्र मलातील अदृश्य रक्त ओळखण्याच्या चाचणीत होतो : हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर रक्त असल्यास निळा रंग उमटतो.

अतितोडीमुळे संपूर्ण वंश आता साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याने नियंत्रित होतो.