कार्यशक्तीची जपणूक आणि आत्मपरीक्षण

जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री हे त्यांतील प्रमुख समूह होत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत हे काम चालू होते. पाहुण्यांचे लक्ष सहसा भव्य चैत्यगृहांकडे जाते. परंतु माणसाने आपली शक्ती कशी राखावी, या प्रश्नाच्या दृष्टीने तेथील लहानशा खोल्या अधिक बोलक्या आहेत. लेण्याद्रीस श्रीगिरिजात्मजाचे स्थान असलेल्या लेण्यात मंडपाच्या तीन बाजूंना अशा वीस खोल्या आहेत. भिक्षूंच्या निवासासाठी व चिंतनासाठी त्या कोरण्यात आल्या.

वर्षावास : थांबण्याची शिस्त

एरवी गावोगाव फिरणाऱ्या भिक्षूने पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहावे, असा नियम विनयपिटकात सांगितला आहे. पावसात हिंडल्याने हिरवे अंकुर व लहान जीव तुडवले जातात, ही लोकांची तक्रार या नियमास कारण झाली. या काळात अध्ययन व ध्यान चाले. दर पंधरवड्यास उपोसथाच्या दिवशी नियमांचे पठण होऊन घडलेल्या चुका बोलून दाखविल्या जात. वर्षावासाच्या अखेरीस प्रवारणा होई. माझ्या वर्तनात काही दोष दिसला, कानी आला किंवा तशी शंका आली असेल तर तो सांगावा, अशी विनंती प्रत्येक भिक्षू संघास करी. विशेष म्हणजे या विनंतीचा प्रारंभ ज्येष्ठापासून होई. त्यानंतर भिक्षू पुन्हा वाटेला लागत.

या व्यवस्थेत तीन गोष्टी आढळतात : थांबण्याची ठरलेली वेळ, त्यासाठी निश्चित जागा आणि दोष दाखविणारे सोबती. चौथी गोष्ट शिलालेखांवरून समजते. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी पाण्याची पोढी व मंडप दान दिल्याचा लेख मानमोडी येथे आहे. अन्य लेखांत यवन दात्यांनी पोढ्या आणि भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. एकांतात बसणाऱ्याच्या अन्नपाण्याची तरतूद समाजाने व राज्याच्या अधिकाऱ्याने केली होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

थकव्याचे स्वरूप

आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळली. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मदतकार्य भर पावसात अनेक दिवस चालले. पुनर्वसित गावाचे लोकार्पण मात्र २०१७ च्या एप्रिलमध्ये झाले. मदतकार्यात माणसे तहानभूक विसरून राबतात. पुढील दीर्घ कामात मात्र शक्ती टिकवून वापरावी लागते. शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्यसेविका आणि पंचायत सदस्य यांचे बहुतेक काम या दुसऱ्या प्रकारचे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या अवस्थेची नोंद आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि कार्यक्षमतेत घट ही तिची तीन लक्षणे होत. ही अवस्था आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित घटना म्हणून नोंदविण्यात आली आहे. तिची झळ केवळ थकलेल्या माणसास लागत नाही. खिडकीपाशी उभा असलेला वृद्ध आणि वर्गातील मागच्या बाकावरचा विद्यार्थी यांनाही ती लागते.

पाक्षिक आत्मपरीक्षण

जुन्या उपोसथाप्रमाणे दर पंधरवड्यास अर्धा तास राखून ठेवणे कोणासही शक्य आहे. एका साध्या वहीत चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. कोणत्या कामाने शक्ती खर्ची पडली? कोणत्या कामाने ती वाढली? थकवा शरीराचा होता, की अपुऱ्या राहिलेल्या कामाचा अथवा मनातील वादाचा? पुढील पंधरवड्यात कोणती एक गोष्ट बदलता येईल?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. अपुऱ्या झोपेवर झोप हाच उपाय आहे. परंतु न सोडविलेल्या वादाचा शीण रविवारी दिवसभर झोपूनही जात नाही. ग्रामसभेनंतर आपण खचून जातो, असे एखाद्या सदस्यास वाटत असेल. दोन-तीन पंधरवड्यांच्या नोंदी वाचल्यावर त्याला कळू शकेल, की सभेने तो थकत नाही, तर तयारीविना सभेत बसल्याने थकतो. मग उपाय त्याच्या हातात येतो. वर्षातून एकदा विश्वासातील सहकाऱ्यास आपल्या वागण्याविषयी विचारावे. त्याचा प्रारंभ कार्यालयप्रमुखाने अथवा मुख्याध्यापकाने केल्यास इतरांची भीड चेपेल.

मर्यादांचे भान

आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःला दूषणे देत बसणे नव्हे. तोच विचार मनात घोळत राहून झोप उडत असेल, उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर वही बाजूस ठेवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेली-मानस या विनामूल्य सेवेचा क्रमांक १४४१६ असून ती अहोरात्र उपलब्ध असते.

तसेच प्रत्येक थकव्याचे मूळ व्यक्तीत नसते. या दोन तालुक्यांत उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे. कृषिपंपाची वीज रात्री आली तर शेतकऱ्यास जीव मुठीत धरून पाणी द्यावे लागते. त्याच्या शिणावर वही हा उपाय नाही. दिवसाची वीज हाच उपाय आहे. त्यासाठी २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेचा दुसरा टप्पा राबविण्यात येत आहे. आपल्या वहीतील कोणती उत्तरे स्वतःच्या सवयीकडे बोट दाखवितात आणि कोणती मासिक सभेपुढे ठेवावयास हवीत, हे वेगळे करता येणे हेच आत्मपरीक्षणाचे खरे फळ होय.

डोंगरातील पोढ्या पावसाळ्यात भरून घ्याव्या लागतात आणि त्यांचे पाणी पुढे उन्हाळ्यात कामी येते. कार्यशक्तीचेही तसेच आहे. ती भरून घेण्याची वेळ ज्याने आधीच राखून ठेवली, त्याच्यापाशी अडचणीच्या दिवशी गावासाठी देण्यासारखे काही शिल्लक राहते.