वनजिल्ह्यांतील विद्यार्थी आणि पशुवैद्यकाचे शिक्षण

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील जो विद्यार्थी पशुवैद्यक होण्याचा विचार करतो, त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा ताडोब्याचा वाघ आणि त्याला भूल देऊन पिंजऱ्यात घेणारे पथक असते. पदवीच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग मात्र गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि कुत्रा यांच्याभोवती फिरतो, आणि वन्यप्राण्यांचे वैद्यक त्यात थोड्याच जागेत बसते. अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी ही गोष्ट मनाशी पक्की करणे आवश्यक आहे.

पशुवैद्यक व पशुसंवर्धन या विषयाची पदवी साडेपाच वर्षांची असून तिच्या शेवटच्या वर्षी आंतरवासिता, म्हणजे अनुभवी पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, करावे लागते. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि ‘नीट’ परीक्षेचे गुण लागतात. 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. राज्यात हे शिक्षण 2000 साली स्थापन झालेल्या, नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासूनचे आहे, तर 1958 साली सुरू झालेले नागपूरचे महाविद्यालय या दोन जिल्ह्यांना जवळचे ठरते; शिवाय याच विद्यापीठाचे वन्यप्राणी संशोधन व प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ गोरेवाड्याला असल्याने वन्यजीवांची ओढ असलेल्या विद्यार्थ्याने नागपूरला पहिली पसंती देणे योग्य.

पदविकेचा मार्ग वेगळा आहे. पशुसंवर्धनाची पदविका घेणारा पुढे पशुधन पर्यवेक्षक होऊ शकतो, परंतु भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार त्याला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा देता येतात. स्वतंत्र व्यवसायाचा अधिकार मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी यांनीच मिळतो. म्हणूनच कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तिची पदवी या अधिनियमाच्या अनुसूचीत आहे किंवा कसे, हे पालकांनी स्वतः पाहिले पाहिजे. जाहिरातीतील आश्वासन येथे उपयोगी पडत नाही.

गोठ्यातील वैद्यकाला कमी लेखण्याची चूक मात्र होऊ नये, कारण या भागात गोठा आणि जंगल एकमेकांना लागून आहेत. याचे सर्वांत बोलके उदाहरण गिधाडांचे आहे. गुरांच्या वेदना आणि सूज यांवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि याच कारणाने भारतातील गिधाडांची संख्या झपाट्याने कोसळली. म्हणून 2006 साली पशूंसाठी त्या औषधावर बंदी आली आणि गिधाडांना सुरक्षित असे मेलॉक्सिकॅम पर्याय म्हणून पुढे आले. गडचिरोलीत गिधाडांसाठी खास खाद्यस्थळे उभारण्यात आली आहेत आणि 2024 च्या जानेवारीत पांढऱ्या पाठीची गिधाडे ताडोब्यात आणण्यात आली, तरी ती टिकणे हे गावातील आजारी बैलाला कोणते इंजेक्शन दिले जाते यावरही अवलंबून आहे. सिरोंचा वनविभागातील कोलामार्क्याच्या रानम्हशींचेही तसेच, कारण लाळ्या खुरकुतासारखे रोग गावच्या गुरांकडून त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतात.

वन्यजीवांचे विशेष शिक्षण पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात घेता येते. तोपर्यंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात रोज किती आणि कोणती जनावरे येतात, शवविच्छेदन विद्यार्थ्यांना स्वतः करायला मिळते का, आंतरवासितेत खेड्यांत आणि वन्यप्राणी केंद्रात काम करता येते का, हे प्रश्न संस्थेच्या नावलौकिकापेक्षा महत्त्वाचे आहेत, आणि त्यांची उत्तरे तेथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांकडूनच नीट मिळतात.

भामरागड, एटापल्ली अशा तालुक्यांतील विद्यार्थ्याकडे आणखी एक बळ असते, ते माडिया किंवा गोंडी भाषेचे. शेळ्या-कोंबड्यांना लस का टोचावी, मेलेले जनावर कापून का वाटू नये, हे त्या भाषेत सांगणारा पशुवैद्यक किंवा पर्यवेक्षक गावाला अधिक पटतो, आणि अशा विद्यार्थ्याला पदवीचा खर्च व कालावधी झेपत नसेल तर पदविका घेऊन आपल्याच तालुक्यात काम करणे ही निवडही तितकीच सन्मानाची मानली पाहिजे.