विश्रांतीची मात्रा

पुण्याच्या विश्रांतवाडीच्या नांवांतच विश्रांति आहे. परंतु तेथून जवळच, खडकीच्या सैनिकी पुनर्वसन केंद्रांत, अतिविश्रांतीशीं रोजचा झगडा चालतो. १९७४ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंत मज्जारज्जूस इजा होऊन ज्यांचे पाय, कित्येकांचे हातहि, निकामी झाले असे जवान राहतात. निजून राहणें म्हणजे आराम, अशी आपली समजूत. शरीराचा हिशेब निराळा आहे, व तो प्रत्येक घरानें समजून घेण्यासारखा आहे. कारण पडून पाय मोडलेली एखादी आजी बहुतेक घरांत कधीं ना कधीं असतेच.

प्रथम हाड घ्या. प्रौढ माणसाच्या शरीरांत २०६ हाडें असतात. तीं दगडी खांबांप्रमाणें निर्जीव वाटतात. वस्तुतः त्यांची मोडतोड व नवी बांधणी अहोरात्र चालू असते. बर्लिनचे शल्यवैद्य युलिउस वोल्फ यांनीं १८९२ सालीं असा नियम मांडला कीं, हाडावर जसा भार पडेल तशी त्याची घडण होते. भारच नसेल, तर बांधणारे मंदावतात, पाडणारे मात्र थांबत नाहींत. म्हणूनच भारहीन अवस्थेंत राहणाऱ्या अंतराळवीरांचीं कंबरेचीं व पायांचीं हाडें दरमहा शेंकडा एक ते दीड या मानानें झिजतात.

सांध्यांची गोष्ट आणखी चमत्कारिक. हाडांच्या टोंकांवरील गुळगुळीत कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात. सांधा वांकला, पसरला म्हणजे भोंवतालचें वंगण तिच्यांत शोषलें जातें. हेंच तिचें जेवण. हालचाल थांबली कीं ती उपाशी. स्नायूंचें म्हणाल, तर ते वापरले नाहींत म्हणजे थोड्याच दिवसांत रोडावूं लागतात.

सर्वांत दुर्लक्षित ती त्वचा. माकडहाड, टांचा व खुबे यांच्याखालीं ती अंथरुणावर दाबली गेली म्हणजे तेथील सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त फिरेनासें होतें. निरोगी माणूस झोंपेंतहि कूस बदलतो. ज्याला वेदनाच कळत नाहीं तो बदलीत नाहीं, आणि शय्याव्रण होतो. म्हणून अशा रोग्यास साधारणतः दर दोन तासांनीं वळवितात.

सांगली जिल्ह्यांतले मुरलीकांत पेटकर सैन्यांत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून ते अपंग झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहूं लागले, आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून त्यांनीं भारताला पॅरालिंपिकमधील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. जें हलूं शकतें तें हलविलें, तर काय होतें याचें याहून उत्तम उदाहरण कोणतें?

आपल्या घरीं मात्र प्रेमच आड येतें. आजींना सून पाणी हातांत आणून देते, नातू उठूं देत नाहीं. खुब्याचें हाड मोडलें तर हल्लीं डॉक्टर लौकर शस्त्रक्रिया करून बहुधा दुसऱ्याच दिवशीं रोग्यास उभें करतात. मग घरच्यांनींच पुन्हां निजवावें, हें कितपत योग्य? डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यांना हात धरून उठवावें, देवघरापर्यंत चालवावें, फुलें निवडूं द्यावीं. त्यांची टांच व माकडहाड रोज पाहावें. त्वचा लाल दिसून लाली जात नसेल तर वेळींच दाखवावें. विश्रांति हें औषध आहे. आणि औषधाला मात्रा असते.