दुसऱ्याच्या झोपेची रात्रपाळी

तपासणीच्या दिवशी डोक्याला तेल लावायचं नाही, दुपारी झोपायचं नाही, जेवणानंतर चहा-कॉफी घ्यायची नाही, बोटांवर मेंदी किंवा नेलपॉलिश नको. स्लीप लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी फोनवर सांगतात. तरीही बारामतीकडून रात्री साडेआठला येऊन पोचलेल्या काकांचं डोकं तेलाने चमकत होतं. ‘अंघोळीनंतर सवयीने हात गेला,’ ते म्हणाले. टेक्निशियन ताईंनी वाद घातला नाही. शाम्पूची पुडी हातात देऊन त्यांना बेसिनकडे पाठवलं. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड धरत नाही, आणि पहाटे तीनला वायर निघाली तर मुश्किलीने लागलेली झोप मोडून ती परत चिकटवावी लागते.

पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयातली ही खोली पाहिली तर लॉजची वाटावी. पलंग, पडदे, टीव्ही, एसी. फक्त छताच्या कोपऱ्यात अंधारात बघणारा कॅमेरा आहे आणि भिंतीपलीकडच्या चिंचोळ्या खोलीत दोन मॉनिटर. काका-काकूंची आणि रुग्णालयाची परवानगी घेऊन मी त्या चिंचोळ्या खोलीत बसलो होतो. घोरण्यावर उपाय सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. घोरणं मोजणारं माणूस मला बघायचं होतं.

काम सुरू होतं ते शिंप्यासारखं, टेप घेऊन. नाकाच्या मुळाशी असलेल्या खोबणीपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत एक माप, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दुसरं. मग त्या अंतरांच्या दहा आणि वीस टक्क्यांवर पेन्सिलीच्या खुणा. ‘टेन-ट्वेंटी’ नावाची ही पद्धत १९५८ सालापासूनची आहे. डोकं लहान असो की मोठं, खूण मेंदूच्या ठरलेल्या भागावरच पडते. खुणेवरची कातडी खरखरीत जेलने घासायची, इलेक्ट्रोडमध्ये पेस्ट भरायची, दाबून बसवायचा, वर चिकटपट्टी. डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीवर तीन, छातीवर हृदयाचे, दोन्ही नडग्यांवर पायांच्या हालचालीचे. नाकाशी श्वासाचा दाब मोजणारी बारीक नळी, गळ्याशी आवाज टिपणारा सेन्सर, छातीला एक आणि पोटाला एक पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. काकांना भरघोस मिशा होत्या. त्यांच्यावर चिकटपट्टी बसेना. ताईंनी नळी गालांवरून वळवून कानामागे नेली आणि मिशा वाचवल्या.

हे चालू असताना काकू खुर्चीत बसून माहिती देत होत्या, आणि ताईंचा एक कान तिकडेच होता. घोरतात मोठ्याने, ते सगळ्या आळीला ठाऊक आहे. पण मध्येच एकदम शांत होतात, मग मी हलवून बघते. रात्री तीनदा तरी लघवीला उठतात, साखर तपासली तर नॉर्मल. पेपर वाचता वाचता मान पडते. ताईंनी मधलं वाक्य पुन्हा विचारून लिहून घेतलं: शांत झाल्यावर हलवून बघता, म्हणजे कशासाठी? काकू क्षणभर थांबल्या. ‘श्वास चाललाय का ते बघायला.’

मग सगळ्या वायरी नीट चालतात का याची परीक्षा. ताई पलीकडच्या खोलीतून माइकवर सूचना देतात. काका, डोकं न हलवता वर बघा, खाली बघा. डोळे पाच वेळा मिचकवा. दात आवळा. दहा सेकंद श्वास धरा. पायाचा अंगठा हलवा. प्रत्येक सूचनेला पडद्यावरची एक रेघ उसळते आणि ताई पुढे सरकतात. शेवटची सूचना: काका, आता जरा घोरून दाखवा. माइकमधून आधी काकूंचं हसू ऐकू आलं, नंतर काकांचा दुखावलेला आवाज: ‘मी घोरतच नाही हो.’ पण घोरून दाखवलं, आणि चांगलं दाखवलं. काकू शेजारच्या खोलीत गेल्या. सव्वादहाला दिवा गेला, ताईंनी संगणकात वेळेची नोंद केली.

पडद्यावर एका वेळी तीस सेकंदांचं एक पान दिसतं. आठ तासांची झोप म्हणजे अशी ९६० पानं. संगणकाआधी हे सगळं कागदावर उमटायचं. सेकंदाला दहा मिलिमीटर या वेगाने एका रात्रीला पाव किलोमीटरहून जास्त कागद लागायचा. जागेपणी डोक्याच्या रेघा दाट आणि बारीक असतात. झोप लागली की त्या सैल होतात, डोळे संथ गोल फिरू लागतात. दुसऱ्या पायरीवर अधूनमधून अर्ध्या-एक सेकंदाचे चातीच्या आकाराचे झुपके दिसतात. गाढ झोपेत रुंद, उंच, आळसावलेल्या लाटा येतात. काकांच्या पडद्यावर त्या लाटा आल्याच नाहीत. पावणेअकराला त्यांना झोप लागली, मिनिटभरात घोरणं सुरू झालं, आणि पुढचे दोन तास जे दिसलं ते एकाच गोष्टीची पुनरावृत्ती होती.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरते, मऊ टाळू आणि पडजीभ लोंबते, वाट अरुंद होते. त्या फटीतून हवा जोराने जाते तेव्हा मऊ भाग फडफडतात. तेच घोरणं. इथपर्यंत ते शेजारच्याच्या झोपेचा प्रश्न आहे. पण वाट पुरती मिटली की आवाज थांबतो. काकांच्या पडद्यावर नाकाची रेघ आडवी झाली. छातीचा आणि पोटाचा पट्टा मात्र हलत होता, आणि उलटसुलट: छाती आत तेव्हा पोट बाहेर. ताईंनी पेन्सिलीचं टोक तिथे टेकवलं. ‘हे बघा, ओढतायत, पण हवा येत नाहीये. पट्टेही थांबले असते तर वेगळा आजार, मेंदूच हुकूम देत नाही असा.’ वीस सेकंद. तीस. मग डोक्याच्या रेघा एकदम दाट झाल्या, हनुवटीचा स्नायू ताठला, काकांनी घुसमटून मोठा श्वास घेतला आणि परत घोरू लागले. ऑक्सिजनचा आकडा त्यानंतर घसरला. बोटापर्यंत रक्त पोचायला वेळ लागतो, म्हणून तो नेहमी उशिरा येतो.

काका जागे झाले का? मेंदू झाला, काही सेकंदांपुरता. त्यांना सकाळी त्यातलं काही आठवणार नाही. घोरणारा माणूस ‘मी घोरत नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. रात्रीच्या लघवीचं मूळही इथेच असतं: बंद घशाविरुद्ध छाती जोर करते, हृदयाचा कप्पा ताणला जातो, शरीरात पाणी जास्त झालंय असा निरोप जातो आणि मूत्रपिंड कामाला लागतं.

मला वाटलं होतं, हे काम म्हणजे नुसतं बघत बसणं. तसं नाही. साडेबाराच्या सुमारास डोक्याच्या रेघा हळूहळू झुलायला लागल्या. मला ती गाढ झोप वाटली. ताईंनी एसी दोन अंशांनी खाली केला. घाम आला की इलेक्ट्रोड अशाच खोट्या लाटा दाखवतो. दहा मिनिटांत झुलणं थांबलं, काकांना कळलंही नाही. कॅमेऱ्यात त्यांनी कूस बदलली तशी ताईंनी नोंद केली. उताणं असताना श्वास किती अडकतो आणि कुशीवर किती, हा हिशेब सकाळी डॉक्टरांना लागतो.

पाऊण वाजता त्यांनी आकडे जुळवले. झोपेचे दोन तास झालेले, श्वास अडकण्याचं प्रमाण तासाला चाळीसच्या पुढे. नियम असा की एवढं प्रमाण असेल तर उरलेल्या रात्रीत लगेच मशीन लावून बघता येतं. ताईंनी काकांना उठवलं, नाकावर मास्क बसवला, संध्याकाळी एकदा समजावलेलं पुन्हा समजावलं. सीपॅप हे मशीन औषध देत नाही, ऑक्सिजनही देत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकातून सोडतं आणि त्या दाबाने घसा आतून उघडा राहतो. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली एका रुग्णावर ही कल्पना पहिल्यांदा वापरली. त्या काळी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देणं. त्या रुग्णाने त्याला नकार दिला होता. सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून हवा नाकात सोडली. पुढच्या वर्षी पाच रुग्णांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला.

दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. चारपासून सुरुवात, मग एक-एक सेंटिमीटर वर, आणि दोन पायऱ्यांमध्ये किमान पाच मिनिटं. घाई केली तर रुग्ण दचकून उठतो आणि मास्क काढून फेकतो. सहाला श्वास थांबणं कमी झालं, घोरणं राहिलं. आठला घोरणं बारीक झालं. दहाला नाकाची रेघ गोल, एकसारखी. अडीच वाजता पडद्यावर रुंद लाटा आल्या, ज्या आधी आल्याच नव्हत्या. ताईंनी थर्मासमधला चहा ओतला. पण सुटका नव्हती. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते, तेव्हा अंगाचे स्नायू जवळजवळ निकामी होतात, आणि उताणं असताना तीच खरी कसोटी. चारनंतर डोळ्यांच्या रेघा वेड्यावाकड्या उडू लागल्या, काका उताणे झाले, आणि दहा पुरेनात. अकरा, मग बारा. तिथे जमलं.

सकाळी वायरी काढताना काकांनी पहिलं विचारलं, ‘मी मध्ये उठलो होतो का?’ केसांत पेस्टचे गोळे, गालांवर पट्ट्यांचे वळ, पण चेहरा उजळलेला. सगळ्यांचं असं होत नाही. कित्येकांची पहिली रात्र मास्कशी झगडण्यात जाते, आणि मशीन विकत घेऊन कपाटात ठेवणारेही भरपूर.

ताईंचं काम इथे संपत नाही. ती ९६० पानं एकेक करून तपासायची असतात. श्वास दहा सेकंद किंवा जास्त जवळजवळ बंद पडला तर एक खूण, अर्धवट दबला आणि ऑक्सिजन घसरला किंवा झोप चाळवली तर दुसरी. तासाला अशा पाचपेक्षा कमी खुणा म्हणजे ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र.

माझ्या मते सगळे घरगुती उपाय या आकड्यानंतर बोलावेत, आधी नाही. नाकावर लावायच्या पट्ट्या चोंदलेल्या नाकाला मदत करतात; घसा मिटत असेल तिथे त्यांचा उपयोग नाही. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचं फॅड तर मला सरळ धोक्याचं वाटतं, कारण नाक बंद असलेल्या माणसाची उरलेली वाटही त्याने बंद होते. ज्यांचा त्रास मुख्यतः उताणं झोपल्यावर होतो त्यांच्यासाठी बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवण्याची जुनी युक्ती आजही चांगली आहे. संध्याकाळची दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी सैल घसा आणखी सैल करतात. दोन्ही सोडल्याचा फरक त्याच आठवड्यात दिसू शकतो. वजनाचा हिशेबही झालेला आहे: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत १० टक्के वजन उतरलं तर श्वास अडकण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटेल असं दिसलं. खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण सौम्य आणि मध्यम आजारात कामाला येतं. लहान मूल घोरत असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या ग्रंथी आधी बघाव्यात.

घशाच्या व्यायामाचीही गंमत आहे. २००६ साली ‘बीएमजे’मध्ये स्वित्झर्लंडचा अभ्यास आला: ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं डिजरीडू हे लांब वाद्य चार महिने वाजवल्यावर रुग्णांची दिवसाची पेंग कमी झाली. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवरचा शंख वाजवण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही पेंग उतरली, तासाला चार-पाच अडथळे कमी झाले. देवघरातला शंख ज्यांना वाजवता येतो त्यांनी जरूर वाजवावा. पण तासाला चाळीसमधून पाच वजा केले तर उरतात पस्तीस.

बायकांबद्दल एक सांगायला हवं. आपल्या घरांत पुरुषाचं घोरणं विनोदाचा विषय असतं आणि बाईचं लाजेचा, म्हणून ती तपासणीला येतच नाही. पाळी गेल्यानंतर हा आजार बायकांमध्ये वाढतो. सकाळचं डोकं दुखणं, सततचा थकवा, रात्रीची झोपमोड अशी त्यांची तक्रार असते, आणि ती वयाच्या खात्यात टाकली जाते.

तेव्हा डॉक्टरकडे जाताना एकटे जाऊ नका, शेजारी झोपणारं माणूस बरोबर न्या. ते शक्य नसेल तर त्याला फोनवर पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून द्यायला सांगा आणि घोरण्यापेक्षा मधली शांतता किती लांब आहे ते ऐका. आणि सिग्नलला गाडी थांबल्यावर डुलकी लागत असेल, तर तपासणी आणि उपचार होईपर्यंत स्टिअरिंगवर बसू नका.