नजरअंदाज पैसेवारी आणि बारा नावांची यादी

(खेळ आणि गणित : लेखांक ७)

पावसाळा ओसरू लागला की बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत महसूल खात्याची पैसेवारी सुरू होते. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि अखेरीस अंतिम असे तिचे टप्पे पडतात, आणि आकडा ५० पैशांच्या वर राहिला की खाली उतरला यावर दुष्काळी सवलतींचा बराचसा मामला अवलंबून असल्याने, पारावर बसलेला साधा कुणबीही ‘ही नजर नेमकी कोणाची?’ असा सवाल करण्यास कचरत नाही. हाच सवाल महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या बाबतीत मात्र कोणी करीत नाही, याचे मला नवल वाटते. आपली महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. पाच जिल्ह्यांतील संघ आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत उतरतात आणि त्यांतून विद्यापीठाच्या संघाची बारा नावे निघतात. ती यादी बहुतांशी नजरअंदाजच असते.

गेल्या हिवाळ्यात एका सिमेंटच्या मैदानाच्या कडेला, गुणलेखकाच्या टेबलामागे मी बसलो होतो. सात नंबरचा पोरगा चेंडू हाती आला की बास्केटकडे झेपावे आणि प्रेक्षकांतून त्याच्या नावाचा पुकारा होई. नऊ नंबरचा मात्र अर्धा सामना सरला तरी एकदाही शॉट न घेता, प्रतिपक्षाच्या उंच गड्याला पाठीने रेटून रिंगपासून दूर ठेवण्यात आणि सातच्या वाटेतील रक्षकापुढे भिंतीसारखा उभा राहण्यात गुंतलेला होता. टेबलावरच्या स्कोअरशीटात कोणी किती गुण केले आणि कोणाचे फाऊल किती झाले एवढेच उतरते. रिबाऊंड, हातचा गेलेला चेंडू, चुकलेला शॉट यांना तीत रकानाच नाही. नऊच्या नावापुढे दोन फाऊल तेवढे जमा झाले. ज्या खतावणीत फक्त जमेची बाजू लिहिली जाते आणि खर्च मुळी मांडलाच जात नाही, तिच्यावर कोणता सावकार विश्वास ठेवील?

खर्च म्हणजे काय, हे प्रथम ठरविले पाहिजे. गेल्या लेखांकात आपण सामन्यामागे सरासरी गुण पाहिले. पण वीस एकरांत साठ क्विंटल कापूस काढणारा आणि पाच एकरांत पंचवीस काढणारा यांत उजवा कोण, हे ठरविताना आपण एकरी उतारा विचारतो. बास्केटबॉलमधील एकर म्हणजे चेंडूचा ताबा, अर्थात चढाईची एक पाळी. दोन्ही संघांच्या वाट्याला जवळजवळ सारख्याच पाळ्या येतात, म्हणून पाळीमागे किती गुण निघाले हाच खरा उतारा होय. अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयीन प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी १९५०च्या दशकातच हा विचार केला होता. डीन ऑलिव्हर यांनी २००४ साली पुस्तकरूपाने त्याची पद्धतशीर मांडणी केली. आणि केन पोमेरॉय तेथील साडेतीनशेहून अधिक महाविद्यालयीन संघांचा ताळेबंद याच मापाने मांडतात. पाळ्या मोजण्याची रीत सोपी आहे : घेतलेल्या शॉटांतून आपणच परत मिळविलेले रिबाऊंड वजा करावेत, गमावलेले चेंडू मिळवावेत आणि फ्री थ्रोंचा काही अंश जोडावा. हा अंश व्यावसायिक खेळात ०.४४ धरतात, तर महाविद्यालयीन खेळासाठी पोमेरॉय ०.४७५ धरतात.

आता एकेका खेळाडूकडे येऊ. समजा, एकाने वीस शॉट घेऊन दोन-दोन गुणांचे आठ साधले, गुण सोळा. दुसऱ्याने आठच शॉट घेतले, त्यांत दोन गुणांचे दोन आणि तीन गुणांचे दोन साधले, गुण दहा. स्कोअरशीट पहिल्याला थोर ठरवील. पण तीन गुणांचा शॉट दीडपट धरून टक्केवारी काढली, तर पहिल्याची ४० आणि दुसऱ्याची ६२.५ येते. पहिल्याच्या बारा चुकलेल्या शॉटांपैकी बहुतेकांचे रिबाऊंड प्रतिपक्षाने नेले असणार, म्हणजे तितक्या पाळ्यांचे बियाणे वाया गेले. तरीही पहिल्याला लगेच दोषी ठरवू नये. संघातील इतर गडी बिकट प्रसंगी चेंडू त्याच्याच गळ्यात घालीत असतील, तर हलक्या जमिनीचा सारा वाटा एकट्याने कसणाऱ्यासारखी त्याची गत होते. ज्याच्यावर भार अधिक, त्याचा उतारा काहीसा घटतो, ही गोष्ट ऑलिव्हर यांनीही आवर्जून मांडली आहे.

पण नऊ नंबरचे काय? त्याने शॉटच घेतला नाही, तेव्हा त्याचा एकरी उतारा काढायचा कशाचा? येथे दुसरी वाट धरावी लागते : तो मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे सरकला आणि तो बाकावर बसला असताना किती, एवढेच टिपायचे. ही वाट सरळ दिसते खरी, पण तीत एक मोठा खड्डा आहे, आणि तो शंकरपट पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. जोडी जिंकली तर डावा बैल जोरकस की उजवा? दोघे कायम एकाच जुवाखाली धावत असतील तर ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. डाव्याला तिसऱ्याबरोबर, उजव्याला चौथ्याबरोबर अशा नाना जोड्या जुंपून पाहिल्या, की प्रत्येक दौडीचे एकेक समीकरण मिळते आणि त्यांतून प्रत्येकाचा स्वतंत्र वाटा शोधता येतो. वेन विन्स्टन आणि जेफ सगारिन यांनी व्यावसायिक संघासाठी आणि पुढे २००४ मध्ये डॅन रोझेनबॉम यांनी उघडपणे जी गणना मांडली, तिचे मर्म हेच. दहा गड्यांच्या दर नव्या जुळणीचे समीकरण मांडायचे आणि सारी समीकरणे एकदम सोडवायची.

मात्र समीकरणे सोडविण्यास दौडी पुष्कळ हव्यात. अमेरिकेतील महाविद्यालयीन संघ हंगामात तीसेक सामने खेळतो आणि तेवढ्यानेही तेथील जाणकार समाधानी नसतात. आपल्याकडे बाद पद्धतीत पहिल्याच दिवशी हरलेला संघ एका सामन्यानिशी परततो. पीक कापणीच्या प्रयोगांना शास्त्रीय नमुना-पाहणीचा पाया देणारे पां. वा. सुखात्मे, आणि ज्यांच्यासह त्यांनी १९५४ साली कृषिसंशोधकांसाठी संख्याशास्त्राचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला ते वि. गो. पानसे, या दोघांच्या कार्यातून नमुन्याचे महत्त्व आपल्याकडे केव्हाच पटलेले आहे : शेताच्या कडेचा, रस्त्यावरून दिसणारा तुकडा कापून गावाचे उत्पन्न ठरवायचे नसते. एका सामन्यावरून गडी ठरविणे म्हणजे तो कडेचा तुकडा कापणे होय. म्हणून निवड समितीने समीकरणांच्या नादी तूर्त लागू नये असे माझे मत आहे. चुकलेले शॉट, रिबाऊंड आणि गमावलेले चेंडू यांचे तीन रकाने प्रत्येक महाविद्यालयाने सरावाच्या सामन्यांपासून राखले, तरी पुष्कळ झाले.

त्या दिवशी मी माझ्या टिपणवहीत असे रकाने आखले होते. माझ्या शेजारी राखीव गड्यांपैकी एक पोरगा घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळून बसला होता, वहीत डोकावून त्याने विचारले, “सर, नऊ नंबर ज्याला अडवून धरते, त्याचा रिबाऊंड आपलाच दुसरा कोणी घेते. ते कोठी लिहिता तुम्ही?” माझ्यापाशी रकाना नव्हता. त्याने माझ्या हातची पेन्सिल घेतली, वहीच्या समासात उभी रेघ ओढली आणि सामना संपेपर्यंत तीत स्वतःच खुणा करीत बसला. त्या खुणांचा हिशेब पुढील लेखांकी.