विमानाला पाडलेलं भगदाड

जम्बो विमानाच्या डाव्या कुशीत साडेपाच मीटर उंच आणि चार मीटर रुंद भोक पाडायचं. ते उड्डाणात सताड उघडं ठेवायचं. आत बसवलेली 17 टनांची दुर्बीण त्यातून ताऱ्यांवर रोखायची, आणि एवढं करून विमान पूर्वीसारखंच उडालं पाहिजे. ‘सोफिया’ ही उडती वेधशाळा बांधणाऱ्यांपुढची अट ही अशी होती. संपादकांना खरं तर दुर्बिणीवर लेख हवा होता. पण कागद चाळता चाळता मी त्या भोकापाशीच अडकलो.

इतिहास थोडक्यात उरकतो. विमान बोइंग 747एसपी, म्हणजे जम्बोची आखूड, लांब पल्ल्याची आवृत्ती. 1977 साली ते पॅन अ‍ॅमकडे आलं. चार्ल्स लिंडबर्ग यांच्या अटलांटिकपार उड्डाणाला तेव्हा 50 वर्षं होत होती, म्हणून त्यांच्या पत्नी अ‍ॅन यांच्या हस्ते त्याचं ‘क्लिपर लिंडबर्ग’ असं बारसं झालं. पुढे ते युनायटेड एअरलाइन्सकडे गेलं, तिथून निवृत्त झालं आणि 1997 मध्ये नासाकडे आलं. खर्चात नासाचा वाटा 80 टक्के, जर्मन अवकाश संस्थेचा 20. दुर्बीण जर्मनीची, कापाकापी अमेरिकेची.

विमानच कशाला, याचं उत्तर पाण्याच्या वाफेत आहे. दूरच्या तारकामेघांतून येणारा अवरक्त प्रकाश हवेतली वाफ गिळून टाकते. 12 किलोमीटरच्या वर गेलं की त्यातली 99 टक्के वाफ पायाखाली राहते. नासाची आधीची उडती वेधशाळा ‘कायपर’ हेच करत असे. तिची दुर्बीण 90 सेंटिमीटरची होती आणि 1977 मध्ये युरेनसची कडी तिनेच टिपली. सोफियाची दुर्बीण अडीच मीटरची ठरली, आणि मग भोकही त्या मापाचं झालं.

टेक्सासमधल्या वेको गावात हे काम चाललं. जम्बोचा सांगाडा म्हणजे गोल फासळ्या, आडव्या पट्ट्या आणि वरून ताणून बसवलेला पत्रा. तो पत्रा नुसतं झाकण नव्हे, भारही वाहतो. अशा नळकांड्याच्या घेराचा जवळजवळ चौथा भाग कापला, की तिथून जाणारा सगळा भार कडेने वळवावा लागतो. भोकाभोवतीच्या चौकटी जाड करा, पत्र्यावर पत्रा चढवा, रिव्हेट मारा. कारागिरांना सरावासाठी दुसऱ्या एका 747एसपीच्या धडाचा तुकडा विकत घेऊन दिला होता. प्रत्येक भाग आधी त्या तुकड्यावर बसवून बघायचा, मगच खऱ्या विमानाला हात लावायचा. हे वाचून मला फार बरं वाटलं. संगणकावर सगळं जुळत असताना कुणीतरी ‘भंगारातलं एक धड आणा’ म्हणालं, याला मी शहाणपण म्हणतो.

दुर्बीण आधी पंखांच्या पुढे बसणार होती. तिथे तिच्या दोन्ही अंगांना हवेचा दाब धरणारी भिंत लागली असती. मागे नेली तर पुढच्या बाजूची एकच पुरते, पैसे वाचतात. पण वैमानिकाच्या हातापायाची हालचाल शेपटापर्यंत पोचवणाऱ्या पोलादी तारा नेमक्या त्याच वाटेने जात होत्या. त्यांना नवा रस्ता काढून द्यावा लागला. वाचवलेल्या पैशाची किंमत ही अशी दुसऱ्या खात्यात निघते.

त्या एकुलत्या भिंतीतच सोफियाचं सगळ्यात देखणं यंत्र आहे. दुर्बिणीचा आरसा भिंतीमागे, गोठवणाऱ्या विरळ हवेत; उपकरणं आणि माणसं भिंतीपुढे, उबेत. दोघांना जोडणारी नळी भिंतीतून आरपार जाते, आणि जिथून जाते तिथे 1.2 मीटर व्यासाचा गोळा तेलाच्या अगदी पातळ थरावर तरंगतो. विमान हिंदकळतं तेव्हा हलतं ते गोळ्याभोवतीचं विमान. दुर्बीण ताऱ्यावरून ढळत नाही.

मग हवेचा प्रश्न. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की ती घुमते. इथे बाटली खोलीएवढी आणि फुंकर ध्वनीच्या वेगाच्या चार पंचमांश. घुमू लागली तर आरसा थरथरेल, फासळ्या थकतील. विंड टनेलमध्ये छोट्या प्रतिकृतींवर वर्षानुवर्षं प्रयोग झाले आणि उपाय सापडला तो भोकाच्या मागच्या कडेला. तिला असा उतार दिला, की तोंडावरून सरकणारी हवा आत न शिरता त्या उतारावर अलगद चढून निघून जाते. दारही साधं नाही. दुर्बीण वरखाली झाली की झरोका तिच्याबरोबर सरकतो.

26 एप्रिल 2007 रोजी वेकोहून दार बंद ठेवूनच विमान उडालं. 31 मेला ते कॅलिफोर्नियात, नासाच्या ड्रायडन केंद्रात पोचलं. कागदोपत्री हस्तांतरण झालं. वेधशाळा मात्र अजून झालेली नव्हती. उघड्या दाराची चाचणी व्हायला 2009 चा डिसेंबर उजाडला. आधी थोडीशी फट, मग 18 तारखेला पूर्ण दार. सव्वा तासाहून थोड्या मोठ्या त्या उड्डाणात ते दोनच मिनिटं पूर्ण उघडं होतं. वैमानिकांना फरक जाणवला नाही, आणि एवढ्या वर्षांच्या कामाचा निकाल लागला.

पण तोवर घड्याळ बरंच पुढे गेलं होतं. 2001 च्या सुमारास सुरू व्हायची वेधशाळा पहिला प्रकाश बघते 26 मे 2010 ला, आणि पूर्ण क्षमतेने चालू होते 2014 मध्ये. मध्ये 2006 साली अर्थसंकल्पात तिच्यासमोर शून्य मांडलं गेलं; ती वाचली ती ओरड झाल्यावर. बांधणीचा खर्च अब्ज डॉलरच्या पार. याच काळात स्पिट्झर आणि हर्शेल या दुर्बिणी अवकाशात जाऊन बरंचसं मैदान मारून आल्या. मला इथे अभियंत्यांचा दोष दिसत नाही. उडणाऱ्या विमानाला असं भोक पाडायचं तर घाई करता येत नाही. पण विज्ञान तितका वेळ थांबत नाही, हेही खरं.

तरी तिने काही केलंच नाही असं नव्हे. विश्वातला पहिला रेणू मानला जाणारा हीलियम हायड्राइड अवकाशात पहिल्यांदा तिलाच सापडला. चंद्राच्या क्लेव्हियस विवरात, उन्हातल्या पृष्ठभागावर, पाण्याचे रेणू तिनेच दाखवले. शिवाय उपकरण बिघडलं तर दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये उघडता येत होतं, जे अवकाशात शक्य नाही. पण वर्षाला साधारण साडेआठ कोटी डॉलर लागत, आणि त्या मानाने शोधनिबंध कमी पडत, असं खगोलशास्त्रज्ञांच्याच समितीचं मत पडलं. 2022 च्या जुलैत न्यूझीलंडमधल्या वादळात तिथला जिना विमानावर आदळला आणि तो दौरा अर्ध्यावर सुटला. सप्टेंबरअखेर तिचं शेवटचं वैज्ञानिक उड्डाण झालं. आज विमान अ‍ॅरिझोनात, टूसॉनच्या पिमा संग्रहालयात आहे.

अवकाशातली वेब दुर्बीण 28 मायक्रॉनपर्यंतच बघते. त्यापलीकडच्या दूर अवरक्त पट्ट्यासाठी सोफियानंतर तेवढी मोठी वेधशाळा उरलेली नाही. आयनित कार्बनची 158 मायक्रॉनची रेषा याच पट्ट्यात येते. ताऱ्यांच्या जन्मस्थळांचे तिचे नकाशे सोफियाने काढले. ती रेषा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची एक मीटरची दुर्बीणही टिपत आली आहे. ती हैदराबादहून बलूनला टांगून वर जाते, आणि तिच्यासाठी कुठल्याच विमानाला भोक पाडावं लागत नाही.